डाव्या पायाच्या खाचा

"मग उतरलीस कशाला? वरच राहायचं होतंस, शेंड्यावर संसार मांडून!" सुतिराने उलथनं कढईच्या काठावर असं आपटलं की चुलीमागची मांजर उठून परसात पळाली.

"रस आणलाय, बियुंग. ओरडून झालं की ओतून घे, नाहीतर आंबेल."

तुर्सिनी दारातच उभी होती. कमरेला बांबूचे नळे लटकलेले, अंगात काकाची जुनी विजार, पोटऱ्यांवर माडाच्या सालीचे ताजे ओरखडे. आईला तिने नेहमीसारखंच बियुंग म्हणून हाक मारली. आवाजात भीती नाही, ओशाळेपणा नाही. सुतिराला खरा राग आला तो त्याचाच.

"आंबू दे. नासू दे. नेऊन ओत उकिरड्यावर."

"ओतू?"

"ओत म्हणतेय ना!"

तुर्सिनी खरोखरच वळली. तशी सुतिरा दुप्पट आवाजात कडाडली, "नळे खाली ठेव आधी! रस ओतायला निघालीय. बापाचा माल आहे का?"

"बापाचाच आहे," तुर्सिनी म्हणाली, आणि तिने नळे चुलीपाशी ओळीने उभे करून ठेवले.

भिंतीला लागून बांबूचं बाकडं होतं. त्यावर सान्मार्जा गुडघ्याला आल्या-हळदीचा लेप लावून पाय पसरून बसला होता. तो सुतिराचा थोरला दीर, तिच्या तोंडी कांग; तुर्सिनीचा उवा, म्हणजे थोरला काका. धाकटा भाऊ दार्कुन, सुतिराचा नवरा, माडावरून पडून मेला तेव्हापासून दार्कुनचे माड हाच चढत होता. अर्धा गूळ त्याच्या घरी, अर्धा सुतिराच्या. आता त्याच्या गुडघ्याने मान टाकली होती. बसताना कण्हायचं, उठताना कण्हायचं आणि मधल्या वेळात उपदेश करायचा, एवढंच काम उरलं होतं त्याला.

"मी हिला सांगितलं नाही हं, तिरा," तो म्हणाला. "मी एवढंच म्हटलं, की दोन दिवस रस वर तसाच लटकलाय, फुलोऱ्याच्या पोयी सुकून जातील. हे मी माडांबद्दल बोललो. हिने ऐकलं तिच्याबद्दल."

"आणि विजार? ती काय वाऱ्याने उडून तिच्या अंगात गेली, कांग?"

सान्मार्जा खोकला. "लोक काय म्हणतील ते बघ तू. तिठ्यावरच्या बायका हसत होत्या. बाईमाणूस चढलं की माड वांझ होतो म्हणतात."

"मी जन्मात माडावर चढले नाही," कोपऱ्यातून आवाज आला, "तरी वांझ राहिलेच की मी. तो कुठल्या माडाचा शाप म्हणायचा?"

ही नार्तेम निनी. निनी म्हणजे आजी, पण नात्याने कोणाचीच कोणी नव्हती, शेजारीण. तिच्या घराचं छप्पर बसलं त्या वर्षी ती आपली उशी आणि पानसुपारीचा डबा घेऊन सुतिराकडे जेवायला आली आणि मग गेलीच नाही. दात नव्हते, डोळ्यांत फूल पडलं होतं, पण कान असे होते की शेजारच्या घरात कोणी कूस बदलली तरी तिला कळायचं.

"तू मध्ये पडू नकोस, निनी," सुतिरा म्हणाली.

"का नको? पोर माझी आहे. उकिरड्यावरून मी उचललीय. माझ्या पोरीला माडावर चढायचं असेल तर चढेल, विहिरीत उतरायचं असेल तर उतरेल. तुम्ही दोघं कोण विचारणारे?"

तुर्सिनी हसली. हसताना तिची मान एका खांद्याकडे कलली आणि एकच गाल आत गेला. सुतिराने मान फिरवून चुलीत उगाचच एक लाकूड सारलं. ते हसू तिला गेली कित्येक वर्षं नकोसं झालं होतं.

"परवा बाजाराच्या दिवशी करवतवाला येतोय," सान्मार्जाने विषय मुद्द्यावर आणला. "माड पाहून गेलाय. खोडं सरळ आहेत, तुळयांना चालतील म्हणाला. देऊन टाकू. चढणारं कोणी नाही तर माड ठेवून काय करायचं, सावलीत बसायचं?"

"चढणारं कोणी आहे," तुर्सिनी म्हणाली.

"तू पुन्हा चढलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही," सुतिरा म्हणाली. "त्यापेक्षा माड गेलेले बरे."

"वर गेल्यावर तसंही दिसत नाही माझं तोंड," तुर्सिनी म्हणाली आणि आंघोळीला ओढ्यावर निघून गेली.

निनी डब्यातली सुपारी चाचपत खुसुखुसु हसत होती. सुतिरा हसली नाही. उकिरड्याचं नाव तिला अजूनही ऐकवत नसे.

ती गोष्ट अशी, की तुर्सिनी जन्मली त्या दिवशी मंगळवार होता आणि बाजाराच्या पाच दिवसांच्या फेऱ्यातला क्लिवोन होता. तिच्या बापाचाही जन्म मंगळवार-क्लिवोनचाच. आता बाप-लेकराचा असा एकच जन्मवार आला, की एका छपराखाली ती दोघं एकमेकांना सोसत नाहीत. एकाचं तेज दुसऱ्याला खातं. यावर काय करायचं हे स्लामेत डोंगराच्या या उतरणीवर कोणालाही विचारावं लागत नाही. लेकरू टाकून द्यायचं. सुपात ठेवायचं, केरासारखं केरसुणीने हळूहळू लोटत उकिरड्याच्या कडेला न्यायचं आणि मागे न बघता घरात यायचं. ठरलेली शेजारीण मग "अगं बाई, हे कोणाचं गं पोर सापडलं मला!" असं गावाला ऐकू जाईल असं ओरडत ते उचलते. आईबाप तिच्या दारी तांदूळ-नारळ घेऊन जातात आणि परक्याचं मूल मागावं तसं आपलंच मूल मागून आणतात. मग ते बापाचं राहत नाही, बापासारखं होत नाही, आणि दोघंही सुखाने जगतात.

ठरलेली शेजारीण नार्तेम होती. पण ऐन वेळी तिचा भात उतू गेला. तेवढ्या वेळात सुपाला तांबड्या मुंग्या लागल्या. पोर किंचाळलं. सुतिरा बाळंतीण, दाराच्या फटीतून बघत होती, आणि तिच्या शेजारी उभा असलेला दार्कुन एकदम तिच्या हाताला हिसडा देऊन धावला. त्याने स्वतःच पोर उचललं, छातीशी धरलं आणि फुंकर मारून मारून एकेक मुंगी उडवली. नार्तेम पळत आली ती कपाळावर हात मारतच. तिने पोर त्याच्याकडून ओढून घेतलं, परत सुपात ठेवलं, परत उचललं आणि आरडाओरडा केला. गावाने ओरडणं ऐकलं. आधी कोणी उचललं होतं, ते त्या तिघांनाच माहीत.

"टाकलेलं पोर बापानेच उचललं तर ते दुप्पट बापाचं होतं रे," नार्तेम त्याला म्हणाली होती.

"होऊ दे की," दार्कुन म्हणाला होता, मान खांद्याकडे कलवून. "कोणाचं तरी व्हायचंच आहे ना तिला?"

पोर दुडुदुडु धावायला लागलं होतं, दूध अजून सुटलं नव्हतं, तेव्हा एका कोरड्या, उघड्या, चांगल्या सकाळी दार्कुनने शेंड्यावर ज्या झावळीला धरलं ती मुळातून निघून हातात आली. सुतिरा चुलीपाशी होती. तिने पडल्याचा आवाज ऐकला आणि तिला वाटलं, नारळ पडला.

त्यानंतर तिने त्या उकिरड्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण मनाशी गाठ मारून ठेवली: सुपाने जे झालं नाही ते आता आपण करायचं. या पोरीतून तिचा बाप रोज थोडा थोडा काढून टाकायचा. तुर्सिनी डाव्या हाताने घास उचलायची, कारण दार्कुन डावरा होता. सुतिराने तो हात फडक्याने अंगाशी बांधून तिला उजव्याने जेवायला शिकवलं, उजव्याने द्यायला-घ्यायला, उजव्याने पाटीवर लिहायला. मोठ्यांसमोर डावा हात पुढे करणं वाईटच, तेव्हा त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. पोर पाय भिंतीला लावून झोपायची, बाप झोपायचा तशी. सुतिरा उठून पाय खाली घ्यायची. माडांखाली खेळायला बंदी. कोयत्याला हात लावायला बंदी. शाळा झाल्यावर तिला तालुक्याच्या गावी शिवणाच्या दुकानात घातलं. तिथे ती चांगली शिकली, सरळ शिवण घालायला लागली, उजव्या हाताने कात्री धरून कापड कापायला लागली. सुतिराला वाटलं, सुटलो.

आणि काल संध्याकाळी हे.

पोर ओढ्यावर गेल्यावर सुतिरा बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिली. रस ओतून देण्याची गोष्ट रागात बोलायची असते, करायची नसते. जिने उभं आयुष्य या एका चुलीपुढे घालवलं तिच्या हातून ते होणंही शक्य नव्हतं. लग्न होऊन आली त्या दिवशी तिच्या हातात सासूने उलथनं दिलं होतं, आणि तेव्हापासून माडाचा रस कढईत कसा चढतो, कसा फेसाळतो, कधी त्याला खवलेल्या खोबऱ्याची चिमूट टाकून गप्प करायचं आणि कधी नुसतं बघत राहायचं, यापलीकडे ती दुसरं शास्त्र शिकली नव्हती. मरशील ती धुरानेच मरशील, असं दार्कुन चेष्टेने म्हणायचा. मरायचं काम त्याने आधी उरकलं.

तिने नळे गाळणीवर उपडे केले. आणि हात थांबला.

गाळणीत दोन-चार मुंग्या होत्या, रस आंबू नये म्हणून नळ्यात घातलेल्या चुन्याचा थोडा साका होता, आणि पोयीचा एक काप होता. रोज सकाळ-संध्याकाळ पोयीचं टोक कोयत्याने तासून ताजं करावं लागतं, तेव्हाच रस वाहतो. सान्मार्जाचे काप जाड असत, ढलपीसारखे. हा काप कांद्याच्या पापुद्र्यासारखा होता. तिने तो उचलून उजेडात धरला. काप तिरका गेला होता, पण उलट्या अंगाने. उजव्या हाताने कोयता चालवला तर असा तिरकस काप पडत नाही.

"काय गं, काय झालं?" निनीने विचारलं. सुतिराचा श्वास थांबलेलाही तिला ऐकू गेला असावा.

"काही नाही. मुंगी."

तिने काप पदराच्या टोकाला पुसला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग काहीच सुचेना म्हणून चूल पेटवली.

आता कढईत जे झालं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. रस तापला, चढला, फेस वर आला आणि काठाशी येऊन आपणहून थांबला. खोबरं टाकावं लागलं नाही. इतकी वर्षं दिराचा रस आटवताना सुतिराची चिमूट सारखी खोबऱ्यात असायची. तरी तो उतू जायचा, कडेला करपायचा, एखाद्या दिवशी तर गूळ बसायचाच नाही, नुसता लगदा. त्यात सान्मार्जाचा दोष नव्हता, तो जीव तोडून चढायचा. पण हा रस वेगळा होता. हा शांत होता. आटता आटता त्याचा रंग पिकल्या चिंचेसारखा झाला आणि उलथन्यावरून तो तुटक न पडता एका सलग पट्टीत खाली उतरला. असा रस सुतिराने तरुणपणी पाहिला होता. तेव्हा ती समजायची की माडच चांगले आहेत, आणि दार्कुन गेल्यावर समजली की माडांनी हाय खाल्ली. माड तर तेच होते.

तिने करवंट्यांत गूळ ओतला. तो बसायला लागला. घरभर वास पसरला, आणि बाकड्यावर डुलक्या घेणारा सान्मार्जा जागा होऊन बावरल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला.

"कोण आलंय?" त्याने विचारलं.

"कोणी नाही, कांग. झोप."

"मला वाटलं..." तो म्हणाला, आणि त्याने दाराकडे पाहिलं.

निनीने हात पुढे केला. सुतिराने तिला खरवडीचा खडा दिला. निनीने तो हिरड्यांखाली धरला, फूल पडलेले डोळे मिटले आणि बराच वेळ चघळत राहिली.

ऊन कललं. सुतिराने कोयता लपवला होता, तांदळाच्या मडक्यामागे. परसात जाऊन आली तर कोयता नव्हता, विजार नव्हती, नळे नव्हते.

ती तशीच अनवाणी धावली. माड घरामागच्या उताराला होते, शेताचा बांध ओलांडला की लगेच. तिने ठरवलं होतं, पोरीच्या पायाला मिठी मारायची, केस धरून ओढायचं, गाव जमा करायचं. पण ती पोचली तेव्हा तुर्सिनीचे पाय तिच्या डोक्याच्या बरेच वर गेले होते.

आणि चढलेल्या माणसाला खालून हाक मारायची नसते. नाव घ्यायचं नाही, ओरडायचं नाही, रडायचंही नाही. वरचा माणूस हाकेने खाली बघतो, आणि खाली बघितलं की संपलं. लग्न होऊन आल्यावर उलथन्यानंतर सासूने शिकवलेली दुसरी गोष्ट हीच होती. सुतिराने दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले आणि उभी राहिली. दुसरं काही तिच्या हातात नव्हतंच. एवढी वर्षं ज्याच्याकडे मान वर करून बघायचं तिने टाळलं होतं, ते आता तिला पापणी न लववता बघावं लागलं.

माडाच्या खोडाला खाचा पाडलेल्या असतात, पाय ठेवायला. त्या माडावरच्या खाचा दार्कुनने पाडल्या होत्या. उजव्या हाताने खोडाला मिठी, डाव्या हातात कोयता. त्यामुळे त्या डावीकडून सुरू झाल्या होत्या आणि डाव्या अंगाने वळसा घेत वर गेल्या होत्या. सान्मार्जा रोज त्यांच्या नावाने खडे फोडायचा. "याने माडाला पीळ घालून ठेवलाय. प्रत्येक पावलाला मला वाटतं मी दुसऱ्याची चप्पल घातलीय." चढताना तो थांबायचा, पाय बदलायचा, कण्हायचा. त्याचा गुडघा कशाने गेला हे विचारायला वैद्याची गरज नव्हती.

तुर्सिनी त्या खाचांवरून अशी जात होती जशी घरातली बाई अंधारात पाण्याच्या माठाकडे जाते. पाऊल शोधत नव्हतं. डावा, मग उजवा, मग कमरेचा एक हलका झोल, मग पुन्हा डावा. नळे एकमेकांवर आपटून टुकटुक वाजत होते. तो नाद सुतिराच्या ओळखीचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षात या आवाजावर ती भाताखालचा जाळ कमी करायची. आवाज आला म्हणजे तो उतरतोय.

मग आवाज थांबला.

माड थांबत नाही, वाढतो. दार्कुन गेला तेव्हा त्याच्या खाचा शेंड्यापर्यंत होत्या; त्यानंतर वर जेवढं खोड वाढलं त्यावर सान्मार्जाने आपल्या खाचा पाडल्या होत्या, आपल्या उजव्या पायाच्या, उजव्या वळणाच्या. जिथे एकाच्या संपत होत्या आणि दुसऱ्याच्या सुरू होत होत्या तिथे तुर्सिनी अडली. डावा पाय वर गेला, हवेत फिरला, त्याला काही मिळालं नाही. खोडाचा चुरा भुरभुरत सुतिराच्या केसांत पडला.

सुतिराला कळलं की काल संध्याकाळी आणि आज सकाळीही पोर इथेच अडली असणार, आणि तरी वर गेली, आणि घरी येऊन हसली.

मागे काठीचा आवाज झाला. सान्मार्जा लंगडत बांधावर आला होता.

वर तुर्सिनीने उजव्या हाताने खोडाला मिठी मारली. गाल खोडाला टेकवला. मग तिचा डावा हात, सुतिराने फडक्याने बांधून ठेवलेला, पाटीवरून, ताटावरून, कात्रीवरून हटवलेला तो हात, आपसूक पाठीमागे गेला आणि कमरेचा कोयता काढून वर आला. तिने काकाच्या खाचेकडे पाहिलंही नाही. आपल्या पावलाला जिथे हवी तिथे तिने घाव घातला, मग उलटा घाव, मग एक झटका. ढलपी गिरक्या घेत खाली आली. पाय टेकला. मग पुढची. डाव्या वळणाने माड पुन्हा वर निघाला, जिथे थांबला होता तिथूनच.

सान्मार्जाने डोक्यावरची काळी टोपी काढली.

शेंड्यावर पोचल्यावर ती झावळ्यांत बसली. झावळीला धरण्याआधी तिने ती मुळाशी दाबून पाहिली, हे सुतिराने पाहिलं; हे तिचा बाप त्या सकाळी करायचा राहिला होता. मग तिने पोय जवळ घेतली आणि कापण्याआधी कोयत्याच्या पाठीने तिच्यावर हलकेच टिचकी दिली. कान लावला. पुन्हा टिचकी दिली. जणू दार वाजवून आत कोणी आहे का बघावं.

"तिरा," सान्मार्जा अगदी हळू म्हणाला, "हे मी कधी केलं नाही. हे मला येत नाही. हे तो करायचा."

"माहीत आहे."

"मी हिला शिकवलं नाही. आईशप्पथ."

"माहीत आहे, कांग. गप्प राहा."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं. सुतिराचे डोळे कोरडे होते. तिला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. आणि नवल म्हणजे तेवढा वेळ भीतीही कुठे नाहीशी झाली होती. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर माणूस जसा काहीच मागायचं विसरतो, तशी ती उभी होती. तिने या पोरीला सुपात घातलं, लोटलं, बांधलं, दूर पाठवलं. ज्याचा चेहराही पोरीला आठवत नाही असा माणूस, मातीत जाऊन एवढी वर्षं झालेला, या सगळ्याला वळसा घालून तिच्या हातात येऊन बसला होता. कधी आला, कुठल्या वाटेने आला? आईने पहारा दिला होता, आईला दिसला नाही.

टुकटुक आवाज सुरू झाला. आता जड होता. नळे भरलेले होते.

तुर्सिनी खाली उतरली आणि आईला बघून जागीच थांबली. मार बसणार म्हणून तिने खांदे वर घेतले.

"कोणी शिकवलं?" सुतिराने विचारलं.

"कोणी नाही. पाय जातो."

"आणि हात?"

"कुठला हात?"

सुतिराने बोट दाखवलं. तुर्सिनीने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. कोयता त्यातच होता. ती खरोखरच दचकली. चोरी पकडल्यासारखा कोयता घाईने उजव्या हातात घेतला, आणि तिथे तो परक्यासारखा वाकडा लोंबत राहिला.

"माझ्या लक्षातच आलं नाही, बियुंग. खाली नाही मी करत तसं. विचार निनीला."

"टिचकी का दिलीस पोयीला?"

"ती सांगते ना."

"काय सांगते?"

"आज कुठवर कापायचं ते." पोरीला प्रश्नच कळला नव्हता. "तुला नाही ऐकू येत? मला वाटलं सगळ्यांना येतं."

सुतिराने पुढे होऊन तिच्या कमरेचा एक नळा सोडवून घेतला आणि खांद्यावर टाकला. सान्मार्जा टोपी हातातच घेऊन चालत होता.

घरी निनी दाराकडे तोंड करून बसली होती. तिने विचारलं, "आधी जाता-येता दोनदा चाल थांबायची, आता एकदाच ना? वर घाव ऐकू आले मला. नवे घाव." मग ती स्वतःशीच म्हणाली, "बरं झालं."

सुतिराने रस गाळला. चुलीत जाळ घातला. भात वाढला, वर सोयाबीनच्या टेम्पेचे तळलेले काप आणि मिरची ठेवली. सगळे चुलीभोवती बसले. सान्मार्जाने घसा साफ केला. "मी काय म्हणत होतो, परवाचा तो करवतवाला..."

"त्याला येऊ नको म्हणून सांग, कांग," सुतिरा म्हणाली. ती कढईकडे बघत होती, हात चालू होता, आवाज रोजच्यासारखा होता. "माड विकायचे नाहीत. उद्यापासून तुर्सिनी चढेल. तू खालून काही शिकवायचं नाहीस, आणि मी खाली उभी राहणार नाही. सगळ्या माडांवर वरच्या खाचा ती आपल्या पायाने नव्या पाडून घेईल. त्याला महिना लागो, दोन महिने लागोत. तोवर या घरात गूळ झाला नाही तरी चालेल. जेवा आता."